न रुसलेल्या जवायाची समजूत

त्या वर्षी अधिक महिना भर उन्हाळ्यात आला होता. संत्र्याचा मोसम सरून गेलेला, माल वाहायची माझी छोटी गाडी निंबाखाली उभी, आणि तिच्या सावलीत खाट टाकून मी. अशा वेळी आमच्या गावचा नितेश भुयार आला आणि म्हणाला, “भाऊ, अमरावतीवरून अकोल्याले सामान न्याचं हाय. पण गचका लागू द्याचा नाई.”

“काचेचं हाय काय?”

“काचेचं फुटलं त दिसते तरी. हे फुटलं त दिसत नाई.”

नितेश हा पुंजारामजींचा धाकटा. चांदूर बाजारला शिकला, मग अमरावतीला शिकला, मग तिथंच कामाला लागला. ऑफिसांत, दवाखान्यांत, कॉलेजांत संगणक एकमेकांना जोडून द्यायचे, हे त्याचं काम. शिडीवर चढून छतात हात घालतो म्हणून सगळे त्याला वायरवाला म्हणतात. त्याला ते आवडत नाही. इंटरनेट हवेतून येतं असं आपण समजतो. नितेश म्हणतो, ते वाटांवरून येतं, आणि दर चौफुलीवर एक पेटी बसलेली असते. ती आल्या-गेल्याला विचारते, बापा, कुठं जायचं? आणि वाट दाखवते. त्या पेटीला राऊटर म्हणतात. माझं आयुष्य रस्त्यावर गेलं आहे, त्यामुळे मला हे एकदा सांगून कळलं. गावात दुसऱ्या कुणाला अजून कळलेलं नाही.

या विद्येची एक मोठी परीक्षा असते. ती बंगळूरूला होते. सकाळी बसवतात, संध्याकाळी उठवतात, मध्ये आठ तास. कागद नाही, पेन नाही. संगणकावर एक अख्खं जाळं समोर ठेवतात. आधी त्याची आखणी करायची, मग ते उभारायचं, मग त्यात दडलेले बिघाड शोधायचे. सगळं बोललं पाहिजे सगळ्याशी. पुंजारामजी हे ऐकून म्हणाले होते, “आठ घंटे बसाचीच परीक्षा हाय नं? मंग मले पाठव. मी उठतो तरी कवा?”

नितेश एकदा जाऊन आला होता आणि नापास झाला होता. एका बिघाडापाशी अडला, जेवणाच्या सुटीतही धड जेवला नाही, आणि तिथंच वेळ संपला. त्यानं मनाशी पक्कं केलं, की आपला हात हळू आहे. आता ही दुसरी खेप. हीच शेवटची म्हणायची, कारण या परीक्षेआधी जी लेखी परीक्षा द्यावी लागते तिची मुदत सरत आली होती. ही खेप हुकली की सगळं पहिल्यापासून. आणि इतकी तयारी करून एक गोष्ट त्याला कधीच जमली नव्हती. पूर्ण आठ तास, मध्ये न उठता, घरच्या घरी एक सराव परीक्षा देणं. अमरावतीच्या खोलीवर टिनाचं छप्पर. दुपार झाली की मशीन तापून आपोआप बंद पडायचं. गावात वीज कधी येईल, कधी जाईल, याचा भरवसा नाही. शिवाय गावात दार लावून बसलेला माणूस आजारी तरी असतो, नाहीतर भांडलेला. लोक विचारायला येतातच.

तेवढ्यात अकोल्याहून सासऱ्याचं बोलावणं आलं. अधिक महिना, म्हणजे धोंड्याचा महिना. जवायाला पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं, तेहेतीस अनारसे द्यायचे, दिवा द्यायचा. नितेशची बायको अपेक्षा त्याला म्हणाली, “आईच्या घरी मधली खोली हाय. कूलर हाय, इन्व्हर्टर हाय. चार दिवस आधीच जाऊ. तुमी तुमची परीक्षा करा, मंग धोंडे खा, आन् तिकडूनच बंगळूरूले निघा.”

बाई हुशार. पण एक गोष्ट तिच्याही ध्यानात आली नाही. धोंड्याच्या महिन्यात बोलावलेल्या दिवसाच्या आधी आलेला जवाई आजवर अकोल्यात कुणी पाहिला नव्हता.

अमरावतीहून आम्ही सकाळी निघालो. बडनेरा मागे पडलं, मूर्तिजापूर मागे पडलं. दोन्ही बाजूंनी नांगरून पडलेली काळी रानं उन्हात तापत होती. मातीला भेगा पडलेल्या, वाऱ्यावर पाचोळ्याची भोवरी फिरत होती, आणि रानाच्या टोकाला पाणी नसून पाणी दिसत होतं. अपेक्षा पुढे माझ्या शेजारी होती, मागे नितेश सामानाला मिठी मारून बसला होता. खड्डा आला की माझ्या नावानं एक हाक यायची. सामान म्हणजे काळ्या लोखंडी पेट्या आणि दोऱ्यासारख्या पिवळ्या-निळ्या वायरी. एक पेटी सगळ्यांत मोठी. ती सुरू केली की पिठाची गिरणी चालू झाल्यासारखी घरघरते.

खुशालराव, म्हणजे नितेशचे सासरे, फाटकात उभे होते. गाडी पाहून त्यांचं हसू अर्ध्यावर थांबलं. शेजारच्या गच्चीवरून एका बाईनं विचारलंच, “खुशालरावजी, जवाई कायमचे राहाले आले काय?”

“नाई हो,” खुशालराव म्हणाले, आणि मला हळूच विचारलं, “नाई नं?”

मधल्या खोलीत सामान मांडलं. नितेशनं कूलरची जागा बदलली आणि त्याचं तोंड माणसांकडून काढून मोठ्या पेटीकडे केलं. सासूबाई गोदाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. सगळ्या घरात थंड जागा ती एकच. अकोल्याचं ऊन म्हणजे काय हे अकोल्याबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. त्या पदरानं वारा घेत आत गेल्या. मी सामान उतरवून परत आलो. मी निघताना नितेश म्हणाला होता, “चौथ्या दिवशी या भाऊ. सामान परत न्याचं हाय. मी रात्रीच्या गाडीनं बंगळूरूले जाईन.”

पुढचं अपेक्षानं मला सांगितलं, आणि शेवटचं मी डोळ्यांनी पाहिलं.

पहिल्या दिवशी नितेशनं दार नुसतं लोटलं होतं. सकाळी बसला. थोड्या वेळानं गोदाबाई पन्हं घेऊन आल्या. ते पिऊन बसतो तर खरबूज आलं. मग शेजारचे एक गृहस्थ जवाई पाहायला आले आणि खुर्ची ओढून पेटीकडे पाहत बसले. “याच्यात क्रिकेट लागते काय?” म्हणाले. दुपारी नितेशनं हात जोडून सराव मोडला.

दुसऱ्या दिवशी त्यानं कडी लावली. परीक्षेत असतो तसा एक देखरेख करणारा पाहिजे, म्हणून अपेक्षाला ते काम दिलं. पण माहेरी, भर दुपारी, नवऱ्यासोबत कडी लावून आत कसं बसायचं? म्हणून ती दाराबाहेर खुर्ची टाकून बसली. नितेशचा फोन तिच्या मांडीवर. परीक्षेत बोलायचं नसतं, म्हणून आतून आवाज नाही. उकाड्यानं आणि कंटाळ्यानं तिचं तोंड उतरलेलं.

आता हे चित्र बाहेरून पाहा. जवाई कडी लावून आत. पोरगी दाराबाहेर, तोंड पाडून. जवाई ना जेवत, ना बोलत. महिना धोंड्याचा. वऱ्हाडात याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

गोदाबाई पोरीजवळ येऊन बसल्या. “काय झालं व माय?”

“काई नाई झालं आई. थे परीक्षा देऊन राहिले.”

“परीक्षा त बंगळूरूले हाय म्हणे.”

“हे तिची परीक्षा देऊन राहिले. म्हणजे, परीक्षेची परीक्षा.”

गोदाबाईंनी मान हलवली. नवऱ्याचा रुसवा झाकायला लेक माहेरी काहीही सांगते. त्यांनी स्वतःही एकेकाळी सांगितलं होतं. अपेक्षा जितकं समजावून सांगत गेली, तितकी त्यांची खात्री वाढत गेली. तेवढ्यात आतून नितेशचा चिडका आवाज आला. तो स्वतःशीच बोलत होता. “शेजारी शेजारी हाय, तरी एकमेकांले ओळख देत नाई! काय म्हणाव याले?”

तो दोन राऊटरांबद्दल बोलत होता. गोदाबाईंना वाटलं, आपल्याबद्दल. अकोला ते अमरावती काय लांब आहे? तरी पोरीच्या घरी आपण किती दिवसांत गेलो नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याच दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरनं पेटी चालू ठेवली, पण कूलर काही ओढला नाही. पेटी तापली आणि दम टाकून बंद पडली. नितेश कडी काढून बाहेर आला तो घामानं निथळत, तोंड लालबुंद. माठातलं पाणी घटघट प्यायला, कुणाशी एक शब्द बोलला नाही, परत आत गेला, कडी लावली.

“पाह्यलं?” खुशालराव बायकोला म्हणाले. “राग डोक्यात गेला हाय.” आणि त्यांनी महादेवरावांना फोन लावला.

महादेवराव हे खुशालरावांचे मोठे चुलतभाऊ. अपेक्षाचे मोठेबाबा. रुसवे काढण्यात त्यांचा हात धरणारा सगळ्या तालुक्यात नाही. लग्नाच्या मांडवात अडून बसलेला नवरदेव असो, की जेवणावरून उठून गेलेला व्याही असो, महादेवराव जातात आणि माणूस घेऊनच परत येतात. चौथ्या दिवशी मी अकोल्याला पोहोचलो तेव्हा ते आलेले होते. तिसरा दिवस पेटी दुरुस्त करण्यात गेला होता. म्हणजे नितेशच्या हाती आता हा एकच दिवस होता. आज आठ तास पुरे झाले नाहीत तर कधीच नाही. रात्री गाडी.

मला पाहून खुशालराव धावतच आले. “तुमी त्याच्या गावचे. खरं सांगा, काय बिनसलं हाय?”

“काई नाई खुशालरावजी. परीक्षा हाय त्याची.”

त्यांनी माझ्याकडे फार दुःखानं पाहिलं. “तुमाले बी पढवलं काय त्यानं?”

महादेवरावांनी उपरणं झटकलं आणि दारापाशी सतरंजी अंथरून दाराकडे पाठ करून बसले. मी म्हटलं, “काका, तोंड इकडे काऊन?”

“हेच त लोकाईले समजत नाई,” ते हळू आवाजात म्हणाले. “दाराकडे तोंड करून बोललं की आतला माणूस कडी अखीन दाबते. पाठ करून बोलाव. त्याले वाटते, आपल्याले कोणी विचारूनच नाई राहिलं. मंग त्याच्यानं राहावत नाई.”

आणि ते बोलू लागले. रुसव्याचं नाव नाही. कपाशीचं बियाणं, औंदाचं ऊन, कुणाच्या तरी म्हशीचं दूध. आवाज कसा, दुपारच्या मोटेच्या कुरकुरीसारखा, न थांबणारा, मऊ. अपेक्षा खुर्चीवर होती ती पेंगू लागली. मीही पेंगू लागलो. आतून फक्त बटणांचा आवाज येत होता, तोही मध्येच थांबायचा. थांबला की महादेवराव भुवई उचलून आमच्याकडे पाहायचे, ऐकतो आहे म्हणून.

आत नितेश अडला होता. बंगळूरूला अडला होता तसाच. जाळं उभं होतं, पण दोन टोकं एकमेकांशी बोलत नव्हती. तो एक एक पेटी तपासत लांब लांब जात होता, आणि जितका लांब जाई तितका भीत होता.

म्हशीचा उपाय चालेना, तेव्हा महादेवरावांनी दुसरा काढला. मोठ्यानं, पण अजून पाठ करूनच, खुशालरावांना म्हणाले, “काय बे खुशाल, अनारशासंगं काय देऊन राहिला जवायाले?”

“चांदीचा दिवा हाय.”

महादेवराव थांबले. आतून काही नाही.

“अखीन?”

“कापडं.”

काही नाही.

“आंगठी म्हण,” महादेवराव कुजबुजले.

“आंगठी!” खुशालराव ओरडले. अपेक्षा दचकून जागी झाली. “बाबा! काऊन आंगठी? त्याईले काईच नाई पाहिजे!”

“पाह्य,” महादेवराव म्हणाले, “काईच नाई पाहिजे म्हणते. म्हणजे मोठं काईतरी पाहिजे.”

तेव्हा खुशालरावांनी तो निर्णय घेतला ज्यानं सगळंच फिरलं. ते ताठ बसले आणि म्हणाले, “जवाई उपाशी, त सासरा बी उपाशी. ते जेवल्याबिगर मी घास घेणार नाई.”

गोदाबाई घाबरल्या. खुशालरावांना साखरेचा आजार. वेळेवर जेवले नाहीत की त्यांचे हात कापायला लागतात. त्या दिवशी जेवणाची वेळ होऊन गेलीच होती. थोड्या वेळानं ते खरोखरच भिंतीला टेकले. गोदाबाई साखर घेऊन आल्या, तर तोंड फिरवलं. अपेक्षा उठली. देखरेख करणारीनं परीक्षा मोडायची नसते, पण बाप तो बाप. तिनं दार वाजवलं.

“अहो, निघा बाहीर. बाबा जेवून नाई राहिले.”

आत बटणं थांबली. मग नितेशचा आवाज आला, त्यात रडू होतं की राग हे मला कळलं नाही. “अपेक्षा, आज एकच दिवस हाय माह्यापाशी.”

“मालूम हाय मले.”

कडी निघाली. महादेवरावांनी, अजून दाराकडे पाठच असताना, डोळे मिटले आणि हात जोडले.

मग जे झालं ते धोंड्याचं जेवण. नितेशला पाटावर बसवलं. गोदाबाईंनी ओवाळलं. ताम्हणात तेहेतीस अनारसे आले, जाळीदार, सोनेरी. पुरणाचे धोंडे आले, वरून तुपाची धार आली. तो जेवेना तर महादेवराव स्वतः वाढायला उभे राहिले. “अखीन एक. माह्या नावानं एक. आता सासूच्या नावानं.” खुशालराव शेजारी बसून जवायाचा घास तोंडात गेला की आपला घास घेत होते. नितेशची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती, आणि हात ताटात. इतक्या दुःखानं पुरण खाणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मी मात्र पोटभर जेवलो. तिथं आग्रहाला तोटा नव्हता.

हात धुऊन तो खोलीत परत गेला. या वेळी दार लावलं नाही. कशाला लावायचं, सगळं संपलंच होतं. खुर्चीत बसला, ढेकर दिला, आणि पडद्याकडे पाहिलं. मीही दारातच होतो, मग मीही पाहिलं, मला काही कळलं नाही. तो मात्र पुढे झुकला.

सकाळी, अगदी सुरुवातीला, पहिल्याच राऊटरवर त्यानं एक आकडा चुकीचा टाकला होता. सगळं गाव तो धुंडाळत होता, आणि आपलाच उंबरठा पाहायचा राहिला होता. त्यानं आकडा बदलला. पडद्यावर ओळी भराभरा येऊ लागल्या. दोन्ही टोकं बोलू लागली.

त्यानंतर तो उठला नाही. कूलरची हवा पेटीला, उघड्या दारातून घरच्यांचं बोलणं, गोदाबाईंच्या भांड्यांचा आवाज, आणि नितेशची बोटं. सगळं संपवून त्यानं घड्याळ पाहिलं. आठ तास व्हायला अजून वेळ होता. त्यानं मनातल्या मनात हिशेब पुन्हा केला. मग मला म्हणाला, “भाऊ, धोंडे खाऊन, आग्रह सोसून, हात धुऊन वेळ उरला. मंग मागच्या खेपेले माहा वेळ गेला तरी कुठी?”

मी म्हटलं, “त्या खेपेले जेवला नव्हता तू.”

तो हसला नाही. विचार करत राहिला.

संध्याकाळी मी सामान गाडीत चढवलं; अपेक्षाही माझ्यासोबतच अमरावतीला परत निघाली. आंगठी त्यानं घेतली नाही, तेव्हा खुशालराव पुन्हा काळजीत पडले. आंगठीही नाही घेत, म्हणजे राग गेला नाही, वरवरचा उतरला फक्त. महादेवराव म्हणाले, “थांब. रुसवा उतरते तवा माणूस सोताहून बोलते. तवापर्यंत खरं धरू नको. मी बी तवापर्यंत इथून हलत नाई.”

बंगळूरूची हकीकत नितेशनं मला नंतर सांगितली. तिथं मोठी गार खोली, माणसं दूर दूर बसलेली, कुणी कुणाला ओळखत नाही. आखणीचा भाग नीट झाला. उभारणीत तो पुन्हा अडला. मन म्हणू लागलं, आता उठू नको, वेळ नाही. त्यानं हात वर केला, देखरेख करणाऱ्या साहेबाला विचारलं, बाहेर गेला, तोंडावर पाणी मारलं, भिंतीला टेकून थोडा उभा राहिला. परत येऊन लांब न जाता पहिल्यापासून पाहिलं. जेवणाच्या सुटीत बाकीचे दोन घास घेऊन कपाळ धरून बसले होते. हा मांडी घालून बसता येत नाही म्हणून खुर्चीवरच, पण भात दुसऱ्यांदा घेऊन जेवला. समोरच्या एकानं विचारलं, “टेन्शन नहीं है क्या?” हा म्हणाला, “है ना भाई. इसलिए तो खा रहा हूँ.”

निकाल तिथं लगेच देत नाहीत. ईमेलवर येतो. नितेश परतीच्या गाडीत होता. फोनला रेंज यायची, जायची. रानं मागे पळत होती, कुठं कुठं पेरणीआधीची वखरणी सुरू झाली होती. एका स्टेशनात गाडी थांबली आणि ईमेल उघडलं. त्यानं ते तीनदा वाचलं. मग दारात जाऊन उभा राहिला. वायरवाला म्हणणाऱ्या सगळ्यांची तोंडं त्याच्या डोळ्यांपुढून गेली. अपेक्षाचा फोन लागेना, म्हणून त्यानं सासऱ्यांना लावला.

“मामाजी, मी नितेश. मी पास झालो!”

मग खुशालरावांचा आवाज आला, पण तो याच्यासाठी नव्हता, घरासाठी होता. “अवो, आइकलं काय! जवायाचा फोन हाय! सोताहून केला त्यानं! महादेवदादा, सोताहून!”

तिकडे गलका उठला. भांडं पडल्याचा आवाज आला. महादेवरावांचा मऊ आवाज म्हणाला, “इचार, राग गेला काय.”

“जवाईबुवा,” खुशालराव फार जपून म्हणाले, “राग गेला नं?”

नितेशनं तोंड उघडलं. मी रुसलोच नव्हतो, हे वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. पण तिकडे सगळं घर श्वास धरून उभं आहे हे त्याला ऐकू येत होतं. गाडीनं शिट्टी दिली.

“गेला मामाजी,” तो म्हणाला. “पूरा गेला.”

तिकडे कुणीतरी मोठ्यानं हुश्श केलं. गोदाबाई असाव्यात. मग खुशालराव निवांत, मोकळ्या आवाजात म्हणाले, “हां. आता सांगा. काय म्हणून राहिले होते तुमी? कायच्यात पास झाले?”